दोन एकर भातशेती विकून परदेशी शिकायला जाऊ का?

या वेळचं पत्र खानापूर तालुक्यातून आलंय. थोडं कापून देते.

"मॅडम, मी जंगलालगतच्या एका गावातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. पी.यू., म्हणजे अकरावी-बारावी सायन्स, इंग्रजीतून केलं, आता बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी. पहिल्या वर्षी वर्गात दुसरी आले. मागच्या महिन्यात कॉलेजात एका कन्सल्टन्सीची माणसं आली होती. इंग्लंडमध्ये एक वर्षाचं एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी, फी आणि राहणं-खाणं मिळून 38 लाख. आत्ताच नाव नोंदवलं तर सीट पक्की, म्हणून 50 हजार ॲडव्हान्स मागतायत. जमिनीवर लोन करून देतो म्हणाले. आमची दोन एकर भाताची जमीन आहे. बाबा म्हणतात, लोन नाही झालं तर विकू, पोरगी शिकली की जमीन परत घेता येईल. काका म्हणतात, एवढ्या पैशात दोन पोरींची लग्नं होतात. आई काहीच बोलत नाही. माझं इंग्रजी वाचायला बरं आहे, बोलताना अडखळते. मी जाऊ का?

ता.क. मी चौथीत होते तेव्हा, 2016 साली, माझी मावशी काजूच्या कामाला गोव्यात सत्तरीला गेली होती. तिला माकडताप झाला. सतरा दिवस दवाखान्यात होती, वाचली. तेव्हापासून व्हायरसबद्दल शिकावं असं वाटतं. हे लिहायचं का नाही कळेना, म्हणून शेवटी लिहिलं."

प्रिय मुली,

तुझं नाव आणि गाव देत नाही. आपला तालुका एवढासा, उद्या बसमध्ये कुणी तरी तुला ओळखून विचारत बसेल.

आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. 50 हजार भरू नकोस. जमीन विकू देऊ नकोस. परदेशी मात्र जरूर जा. आत्ता नाही, तीन-चार वर्षांनी जा, आणि शक्यतो त्यांच्या पैशानं जा.

"त्यांच्या पैशानं" वाचून तुला मी काही तरी बोलायचं म्हणून बोलतेय असं वाटेल. तसं नाही. जीवशास्त्रातली ही गोष्ट आपल्याकडे फार कमी घरांत माहीत असते. इंजिनिअरिंगची किंवा एम.बी.ए.ची पोरं लाखो रुपये भरून परदेशी जातात, म्हणून आपल्याला वाटतं की सगळ्याच विषयांचा तोच रस्ता. जीवशास्त्रात खरी किंमत पीएच.डी.ला आहे आणि पीएच.डी. करणाऱ्याला परदेशातली बरी प्रयोगशाळा पगार देते. अमेरिकेत जीवशास्त्राच्या बहुतेक पीएच.डी.ला फी माफ असते आणि वर महिन्याच्या खर्चाला पैसे मिळतात. त्या बदल्यात तू संशोधन करायचं, पदवीच्या पोरांची प्रॅक्टिकल्स घ्यायची. जर्मनीत पीएच.डी. करणारा बहुतेकदा चक्क नोकरीच्या करारावर असतो. म्हणजे तुझ्या बाबांना जमीन विकून जे विकत घ्यायला सांगतायत, त्याच्यापेक्षा वरचं शिक्षण पगारासकट मिळतं. अट एकच, त्यासाठी तुझे हात आणि तुझं डोकं तयार असायला लागतं.

मग ही माणसं कॉलेजात येऊन ते का सांगत नाहीत? कन्सल्टन्सीला परदेशी विद्यापीठ दर विद्यार्थ्यामागे कमिशन देतं. ते फी भरणाऱ्या पोरांवर मिळतं. पगारी पीएच.डी.ला जाणाऱ्या पोरीवर त्यांना काही सुटत नाही. त्यांना मी चोर म्हणत नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण धंदा करणाऱ्याकडे सल्ला मागायला जाऊ नये. आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरीला "सीट पक्की" करून देणारं विद्यापीठ मला तरी माहीत नाही. पदवीच्या मार्कांशिवाय पक्का प्रवेश कुणी देत नाही.

38 लाखांचा हिशेब तुझ्या वहीत मांड. अकरा टक्के व्याजानं दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता 52 हजारांच्या वर जातो. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. दहा वर्षांत मिळून 63 लाखांच्या आसपास भरणार. आता ताज्या एम.एस्सी. बायोटेकला बेंगळुरूत किंवा पुण्यात कंपनी सुरुवातीला काय देते, ते तुझ्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना विचार. तिकडेच नोकरी मिळेल म्हणतील. इंग्लंडमध्ये शिकून झाल्यावर नोकरी शोधायला ठरावीक मुदत असते, आणि पुढे कामाच्या व्हिसावर राहायचं तर किमान पगाराची अट असते. ती अट 2025 मध्ये आणखी वर गेली. तिथलं संशोधन उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एका वर्षाच्या फी भरून केलेल्या कोर्सवर तुझ्या घराचा पाया लावायला मी सांगणार नाही.

जमिनीवर लोनचंही एक. बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. घर, प्लॉट, ठेवी चालतात. भाताचं शेत नाही चालत. बँकांच्या साधारण नियमानं साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, त्यावर तारण मागतात. म्हणजे तुझ्या बाबतीत "जमिनीवर लोन"चं शेवटी एक तर जास्त व्याजाचं खासगी कर्ज होईल, नाही तर विक्रीखत.

हे पुढचं बाबांना वाचून दाखव. भाऊ, तुम्ही पोरीसाठी जमीन काढायला तयार झालात, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं बेळगावात शिकवलं मी. पोरीच्या शिक्षणाला जमीन विकीन म्हणणारे बाप मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. पण खानापुरातली दोन एकर एकदा गेली की परत येत नाही. आज घेणारा शेतीसाठी घेत नाही, रिसॉर्टसाठी घेतो. ती राहू द्या. पावसाआधीची धूळवाफ पेरणी चालू राहू दे. तुमच्या मुलीला तुमच्याकडून वेगळी मदत लागणार आहे: दोन उन्हाळे ती घरी नसेल, आणि पदवीनंतर लगेच कमावणार नाही, हे तुम्ही चार लोकांत ठामपणे सांगायचं.

आता तुझ्या ता.क.कडे येते. माझ्या मते तुझं खरं पत्र तेवढंच आहे. वरचं सगळं लोकांनी तुझ्या डोक्यात भरलेलं आहे, खाली मात्र तू स्वतः बोललीस.

बायोटेक्नॉलॉजी हा शब्द तुला त्या कन्सल्टन्सीनं दिला. माकडताप तुला मावशीनं दिला. तुझा विषय हा आहे. यावर वर्गात किती शिकवलंय माहीत नाही, म्हणून थोडं सांगते. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणली. माकडं मरतायत म्हटल्यावर पहिला संशय पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा आला. तो भारतात शिरला असता तर हाहाकार झाला असता. पुण्यातल्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसं तिथं जाऊन राहिली. विषाणू सापडला, तो पीतज्वराचा नव्हता. गोचिडीतून पसरणारा होता, आणि त्याचं नातं निघालं थेट रशियातल्या, युरोपातल्या गोचिडीच्या मेंदूज्वराशी. एका कुळातली भावंडं, एक सायबेरियात, एक आपल्या सह्याद्रीत.

तुझ्या मावशीच्या बाबतीत ते कसं जुळतं बघ. हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही ती मुख्य गोचीड. तिची निंफ, म्हणजे अर्धवट वाढलेली पिल्लं, पाऊस संपल्यावर कोरड्या महिन्यांत जंगलाच्या पाचोळ्यात असतात. बाजरीच्या दाण्याहूनही बारीक, अंगावर चढली तरी कळत नाहीत. काजूचा हंगाम मार्च ते मे. बायका पाचोळ्यात वाकून बोंडं वेचतात, दुपारी त्याच सावलीत टेकतात. त्या काळात आपल्या भागातून सत्तरीला काजूच्या कामाला गेलेल्या मजुरांना हा ताप झाला, त्याची वैज्ञानिक नोंद झालेली आहे. तुझी मावशी कदाचित त्या नोंदीतला एक आकडा असेल. या आजारावर नेमकं औषध अजून नाही. बरीच वर्षं दिली जाणारी लस पुरेशी लागू पडेना म्हणून बंद झाली, नव्या लशीवर काम चालू आहे. म्हणजे तू शिकून तयार होशील तेव्हा करण्यासारखं काम संपलेलं नसेल, ही मला खात्री आहे.

मी 1994 मध्ये शिष्यवृत्तीवर दक्षिण जर्मनीत फ्रायबुर्गला गेले होते. पहिल्याच वसंतात काळ्या जंगलाच्या कडेला फिरायला गेलो तर पाटी लावलेली: गोचिडींपासून सावध. सोबतच्या मुलीनं सहज सांगितलं, इथं गोचिडीतून मेंदूज्वर होतो, आम्ही सगळ्यांनी लस घेतलीय. त्यांचा तो आणि आपला माकडताप चुलत भाऊ आहेत. त्यांच्याकडे लस आहे, जंगलाच्या तोंडाशी पाटी आहे. आपल्याकडच्या बायका उघड्या पायांनी काजू वेचतात. तू परदेशी कशासाठी जायचं, याचं उत्तर मला तरी या दोन चित्रांत दिसतं.

पण माकडतापाच्या विषाणूवर काम करायला जगातली जी थोडी ठिकाणं आहेत, त्यातलं एक तुझ्यापासून एका रात्रीच्या बसवर आहे. व्हायरस रिसर्च सेंटरचंच पुढे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी झालं, पुण्याला. सर्वांत कडक सुरक्षेची, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा तिथं 2012 पासून आहे. आणि ही संस्था पुणे विद्यापीठाशी जोडलेलं व्हायरॉलॉजीचं एम.एस्सी. चालवते. 38 लाख भरून तू इंग्लंडमध्ये शिकशील ते सर्वसाधारण बायोटेक. इथं त्या मानानं फार थोड्या पैशांत थेट तुझा विषय. प्रवेश अवघड आहे, परीक्षा आहे, जागा थोड्या आहेत. म्हणून दुसरे दरवाजेही उघडे ठेव. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठीची जॅम परीक्षा दे, तिच्यावर बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचा इंटिग्रेटेड पीएच.डी.चा, म्हणजे एम.एस्सी. आणि पीएच.डी. सलग करायचा रस्ता उघडतो. धारवाड आणि कोल्हापूर आहेतच, तिथल्या झूलॉजीला, बायोकेमिस्ट्रीला कमी लेखू नकोस. माझे दोन चांगले विद्यार्थी कोल्हापुरातून एम.एस्सी. करून बाहेर गेले.

एम.एस्सी. इथंच कर म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते तुझ्या बॅचला नेमकं लागू आहे. मध्यंतरी कर्नाटकात चार वर्षांची पदवी आणली होती. 2024-25 पासून ती पुन्हा तीन वर्षांची झाली आणि तू त्याच वर्षी आलीस. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं तीन वर्षांच्या पदवीवर थेट पीएच.डी.ला घेत नाहीत, सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. वर दोन वर्षांचं एम.एस्सी. असलं की हा प्रश्नच मिटतो. जर्मनीत तीन वर्षांच्या पदवीवर मास्टर्सला अर्ज करता येतो, पण तिथं वेगळी मेख आहे. कोणत्या विषयाचे किती क्रेडिट ते मोजतात. मॉलिक्युलर बायोलॉजी, जेनेटिक्स, बायोकेमिस्ट्री पुरेसं नसलं तर अर्ज बाजूला पडतो. सीबीझेडच्या, म्हणजे तुझ्यासारख्या केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजीच्या मुलींचं इथंच अडतं. वनस्पतींची कुळं आणि बेडकाचं शरीर पाठ असतं, डीएनएचं प्रॅक्टिकल मात्र फळ्यावर झालेलं असतं.

फळ्यावरच्या प्रॅक्टिकलवरून माझी स्वतःची गोष्ट सांगते. फ्रायबुर्गच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, 50 मिलिलीटर एक मोलर मिठाचं द्रावण कर. एकदम सोपं. रेणुभार 58.44, म्हणजे एक मोलरसाठी लिटरला 58.44 ग्रॅम आणि 50 मिलिलीटरला 2.92 ग्रॅम. हिशेब मी तोंडी केला. मीठ तोललं, 50 मिलिलीटर पाणी मोजून घेतलं आणि त्यात मीठ टाकलं. शेजारची टेक्निशियन बाई बघत होती. तिनं काही न बोलता ते द्रावण मोजपात्रात ओतून दाखवलं. रेघेच्या वर गेलं होतं. आधी चाळीसेक मिलिलीटर पाण्यात मीठ विरघळवायचं, मग पाणी घालून 50 पर्यंत आणायचं, हे मी एम.एस्सी.ला कधी हातानं केलंच नव्हतं. आमच्या कॉलेजात द्रावणं शिपाईमामा करून ठेवायचे. त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर येऊन मी रडले. मिठाच्या पाण्याचं वाईट नव्हतं वाटलं. आपल्याला सगळं येतं असं समजून पाच वर्षं काढली, त्याचं वाटलं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून एवढं लांबण लावते आहे.

तेव्हा उद्या प्रॅक्टिकलला जाशील तेव्हा सरांना सांग की द्रावण मी करते. पीएच मीटर कसा लावतात बघ, मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी बारीक माप उचलायचं साधन, असेल तर मागून घे, नुसतं पाणी ओढ आणि सोड, शंभर वेळा. कुणी हसलं तर हसू दे.

आणि येत्या दोन उन्हाळ्यांत कुठल्या तरी प्रयोगशाळेत शिर. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. साधारण दोन महिने एखाद्या वैज्ञानिकाकडे काम करायचं, खर्चाला पैसे मिळतात. अर्जाची मुदत कधी संपते ते आधीच बघ आणि दिवाळीच्या फराळाआधी ते काम उरक. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरचीही अशीच योजना आहे. आणि बेळगावात, नेहरूनगरला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आय.सी.एम.आर.ची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे. आपल्या पोरी तिच्यासमोरून बसनं जातात आणि आत काय चालतं हे कुणी विचारत नाही. सरकारी बसचं तिकीट तुला माफ आहे. एक दिवस उतर, आणि उन्हाळ्यात शिकायला विद्यार्थी घेता का म्हणून चौकशी कर.

वैज्ञानिकाला पत्र लिहायचं तर लहान लिही. "आदरणीय महोदय, मला लहानपणापासून निसर्गाची ओढ आहे" असली पत्रं त्यांना रोज वीस येतात, ती ते उघडतही नाहीत. त्यांचा एक शोधनिबंध खरोखर वाच, न कळलेली एक गोष्ट विचार, आणि तुझ्याबद्दल दोन ओळी लिही. त्या ओळी काय असाव्यात ते तूच लिहिलंयस: मी चौथीत असताना माझ्या मावशीला काजूच्या बागेत माकडताप झाला, मला या गोचिडीबद्दल शिकायचंय. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण कर, तरी नाही आलं तर पुढच्याला लिही. दहातून एक उत्तर आलं तरी खूप.

परदेशी अर्ज करायची वेळ एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात येईल. अमेरिकेतल्या पीएच.डी.चे अर्ज साधारण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात, जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात आणि पगारी जागा मिळाली तर बहुतेक ठिकाणी 15 एप्रिलपर्यंत उत्तर द्यायला मुदत असते. जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांनी प्रवेशासाठीची जी.आर.ई. परीक्षा काढून टाकलीय, तेवढा खर्च वाचतो. अर्जाची फी मात्र बोचते, ती माफ करा म्हणून विभागाला लिहायला लाजू नकोस. पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे महिने काम करून मग गाइड निवडायची पद्धत तिथं आहे, मला ती फार आवडते. आपल्याकडे पोरी गाइडचा स्वभाव कळायच्या आत पाच वर्षांना बांधल्या जातात. एक सांगायला हवं, 2025 पासून तिकडे सरकारी संशोधन निधीला कात्री लागलीय आणि काही विभागांनी जागा कमी केल्यात. म्हणून सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नकोस.

जर्मनीकडे माझा ओढा आहे, लपवत नाही. सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नाहीच. फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे तिथं मात्र युरोपाबाहेरच्यांना आता सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. मास्टर्सला जायचं झालं तर व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो एका बंद खात्यात दाखवावे लागतात. मोठी रक्कम आहे, पण ती फी नव्हे. तिथं गेल्यावर तेच पैसे महिन्याला 992 युरोप्रमाणे तुलाच परत मिळतात, त्यावर राहायचं. शिकताना वर्षाला 140 दिवस कामही करता येतं. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारं ए.पी.एस.चं प्रमाणपत्र काढावं लागतं, त्याला 18 हजार रुपये आणि वेळ दोन्ही लागतात, तेव्हा ते आधी. गॉटिंगेनसारख्या ठिकाणी मास्टर्स आणि पीएच.डी. जोडलेले कोर्स आहेत, त्यांची मुदत जानेवारीतच संपते. युरोपभर फिरवणारी इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही आणि महिन्याला 1,400 युरो. जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून परदेशी जाणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देतंय, तिथंही अर्ज टाक. घर अनुसूचित जातीतलं असेल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप बघ. महाराष्ट्र सरकारच्या योजना दिसल्या की आपण सीमाभागातली माणसं हुरळतो. तिथली अधिवासाची अट आधी नीट वाच, मग दाखल्यांसाठी नाडकचेरीच्या खेपा घाल.

कागदपत्रांवरून एक काम मात्र आजच. एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं मार्क्स कार्ड, पी.यू.चं मार्क्स कार्ड, आधार आणि कॉलेजचं आयकार्ड शेजारी शेजारी मांड आणि इंग्रजी नाव अक्षर अक्षर ताडून बघ. आपल्याकडे एका कार्डावर आडनाव पुढे, दुसऱ्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर, तिसऱ्यावर कन्नडातून इंग्रजीत जाताना "व्ही"चा "डब्ल्यू" झालेला. बेळगावात याला कुणी विचारत नाही. परदेशात ही तीन वेगळी माणसं ठरतात. माझ्या एका विद्यार्थिनीचा व्हिसा या एका अक्षरापायी दोन महिने लटकला आणि तिचं सेमिस्टर तिच्याशिवाय सुरू झालं. पासपोर्ट काढायच्या आधी एसएसएलसीचं नाव प्रमाण धर आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घे.

इंग्रजी बोलताना अडखळतेस म्हणतेस. घरात मराठी, कंडक्टरशी कन्नड, टीव्हीवर हिंदी, पुस्तकात इंग्रजी, असं रोज चार भाषांत जगणारी पोरगी भाषेला भिते हे मला पटत नाही. तुला सवय नाही, एवढंच. रोज प्रॅक्टिकलमध्ये काय केलं ते रात्री पाच वाक्यांत इंग्रजीत मोठ्यानं बोल, मावशीला समजावतेयस असं धरून. आठवड्याला एक शोधनिबंध वाच, फुकट मिळणारे हजारो आहेत. आधी आकृत्या बघ, मग निष्कर्ष, बाकीचं नंतर.

तिकडची थंडी, एकटेपणा, डिसेंबरात साडेचारला पडणारा अंधार, यावर लोक पानंच्या पानं लिहितात. होतं ते सगळं, आणि सरतंही. दोनच बारीक गोष्टी सांगते. युरोपात दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, तेव्हा आजीनं दिला तरी कुंद्याचा डबा इथंच वाटून जा. आणि कधी काळी आपल्या जंगलातली गोचीड, पान, माती अभ्यासाला तिकडे न्यावीशी वाटली तर खिशात घालून नेऊ नकोस. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली त्याला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. तुझ्या विषयात हा प्रश्न नक्की येणार, म्हणून आत्ताच कानावर घातलं.

काकांना उत्तर द्यायची गरज नाही. लग्नाचे पैसे मोडले जाणारच नाहीयेत, एवढं सांगितलंस तरी त्यांचा अर्धा मुद्दा जातो.

राहिली आई. ती काहीच बोलत नाही असं तू लिहिलंस आणि पुढे गेलीस. मी तिथं थांबले. मावशी म्हणजे आईची बहीण. ते सतरा दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी कोण बसलं होतं, हे तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं तुझी आईच असणार. तुला हा विषय का शिकायचाय हे तू तिला कधी सांगितलंयस का? ता.क. तिला वाचून दाखव. मग वही-पेन घेऊन तिच्याजवळ बस आणि तिला आठवतं ते सगळं उतरवून घे. मावशी बागेत शेवटची कधी गेली, ताप कितव्या दिवशी आला, डोळे लाल होते का, नाकातून रक्त आलं होतं का, शुद्ध हरपली होती का, सोबतच्या बायकांपैकी आणखी कुणाला झाला. या आजारात काहींना ताप उतरतो, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग तो डोक्यात शिरून परत येतो. मावशीचा ताप मधे उतरून पुन्हा चढला होता का, हे आईला नक्की विचार, आणि तिनं काय सांगितलं ते मला कळव.